सराव पाठ ऐच्छिक करू नका : इंग्रजी अध्यापनाची पदव्युत्तर पदवी देणाऱ्या विभागाला खुलं पत्र

प्रति,
विभागप्रमुख आणि अभ्यासमंडळाचे सर्व सदस्य,
उपयोजित भाषाविज्ञान आणि इंग्रजी अध्यापन विभाग

विषय : पदव्युत्तर अभ्यासक्रमातलं सराव अध्यापन ऐच्छिक करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

येत्या शैक्षणिक वर्षापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमातलं सराव अध्यापन ऐच्छिक राहील, असं परिपत्रक आपल्या विभागाने काढलं आहे. ज्यांना वर्गावर जायचं नसेल त्यांनी चित्रित केलेले पाठ पाहावेत आणि त्यांवर निबंध लिहावा, श्रेयांक तेवढेच मिळतील, असं त्यात म्हटलं आहे. कारणं तीन दिली आहेत. विद्यार्थिसंख्या वाढली आहे, सरावासाठी वर्ग मिळत नाहीत आणि बऱ्याच विद्यार्थ्यांचा कल संशोधनाकडे असतो.

मी याच विभागाची माजी विद्यार्थिनी. आज मी प्रौढांना इंग्रजी शिकवते. कामासाठी, आसऱ्यासाठी किंवा लग्न होऊन नव्या देशात आलेली माणसं माझ्या वर्गात असतात. त्याबरोबर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांचे पाठ पाहणं आणि त्यांच्याशी त्यावर बोलणं हेही माझं काम आहे. म्हणजे आपण पदवी देऊन ज्यांना बाहेर पाठवता, ते पुढच्या आठवड्यात माझ्यासमोर उभे असतात. आपल्या निर्णयाचे परिणाम सगळ्यात आधी त्यांना भोगावे लागतील, आणि त्यांच्यापेक्षाही आधी त्यांच्या वर्गात बसलेल्यांना. म्हणून गप्प राहणं मला शक्य नाही.

विभागाचं नाव मी लिहिलेलं नाही. एका वर्षात पूर्ण होणाऱ्या अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष शिकवण्याची अटच नसते, त्यामुळे हे पत्र त्या सगळ्यांनाही लागू आहे. आणि ते मराठीत लिहिते आहे, कारण या अभ्यासक्रमांना अर्ज करणारी मुलंमुली आणि त्यांच्या फीची तजवीज करणारी त्यांच्या घरची माणसं यांच्यापर्यंत ते पोचावं अशी माझी इच्छा आहे. कोणत्या पदवीत काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे त्यांना आधी कळायला हवं.

आपण सगळे या विषयाचे जाणकार आहात. एडिंबरा विद्यापीठात 1957 साली उपयोजित भाषाविज्ञानाचं केंद्र सुरू झालं, ते देशोदेशी इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या गरजेतून, हे आपणच आम्हाला पहिल्या सत्रात शिकवलंत. भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांचा 1967 सालचा निबंध आपणच आमच्याकडून वाचून घेतलात. शिकणाऱ्याची चूक म्हणजे फक्त खोडून टाकायची गोष्ट नव्हे, त्याच्या मनात या घडीला कोणती भाषाव्यवस्था उभी राहते आहे त्याचा तो पुरावा असतो, हे त्यांचं म्हणणं. पुढे 1972 मध्ये लॅरी सेलिंकर यांनी मातृभाषा आणि शिकायची भाषा यांच्या मधल्या त्या व्यवस्थेची स्वतंत्रपणे मांडणी केली. माझ्या रोजच्या कामात या दोन निबंधांइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. पण जीभ अडखळल्यामुळे झालेली चूक कोणती आणि व्यवस्थेतून आलेली कोणती, हे ठरवायला तो माणूस समोर लागतो. तो काल काय म्हणाला होता, आज थकलेला आहे का, घाईत आहे का, शेजारच्याशी बोलताना बरोबर बोलला होता का, हे माहीत असावं लागतं. उताऱ्यावर खुणा करून हे शिकता येत नाही. आपण वर्ग काढून घेतलात, तर आपल्याच विषयाच्या पायातला दगड काढून घ्याल.

आता एकेक तक्रार मांडते.

चित्रित पाठ आणि निबंध हा सराव अध्यापनाला पर्याय होऊच शकत नाही. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने 1975 मध्ये दाखवून दिलं की शिक्षक होणारा माणूस विद्यार्थी म्हणून आधीच हजारो तास शिक्षकांना पाहत आलेला असतो. त्याला शिक्षक फळ्यासमोर काय करतो ते दिसतं. शिक्षकाने मनात काय ठरवलं, कोणता प्रश्न गिळून टाकला, कोणाला मुद्दाम विचारलं नाही, टाचणातला कोणता भाग ऐनवेळी सोडून दिला, हे त्याला दिसत नाही. म्हणून तो स्वतः वर्गावर उभा राहिला की त्याला शाळेत जसं शिकवलं गेलं तसंच शिकवू लागतो, मधे कितीही सिद्धान्त वाचलेले असोत. म्हणजे पाहण्याची कमतरता आमच्या विद्यार्थ्यांना कधीच नव्हती. आपण त्यांना अजून थोडं पाहायला सांगता आहात, आणि ज्याची खरी उणीव आहे ते काढून घेता आहात.

चित्रित पाठ निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. स्वतः शिकवत असलेल्या माणसाने तो पाहिला, थांबवला, मागे नेला, तर त्यातून पुष्कळ मिळतं. त्याला त्या शिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहता येतं. ज्याने अजून एकदाही वर्ग घेतलेला नाही तो त्याच चित्रफितीवर नीटनेटका निबंध लिहितो, त्याला चांगले गुणही मिळतात, आणि आपल्याला हे जमतं असा त्याचा समज होतो. हा समज मोडतो तेव्हा समोर खरी माणसं बसलेली असतात.

अलीकडचंच सांगते. एक नवा शिक्षक, पदव्युत्तर पदवी चांगल्या श्रेणीत मिळवलेला, विषयावर मनापासून प्रेम करणारा. त्याच्या अभ्यासक्रमात सराव पाठ नव्हते. मी मागे बसले होते. एक बाई आपल्या बहिणीबद्दल सांगत होत्या, "माय सिस्टर गो टू वर्क अॅट सिक्स." तो हसून म्हणाला, "ओह, शी गोज टू वर्क अॅट सिक्स!" बाई खूश होऊन म्हणाल्या, "येस, येस, शी गो." आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

चूक दुरुस्त करून सहज परत म्हणणं, म्हणजे आपण ज्याला रीकास्ट म्हणतो, त्यावर रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेलं काम या शिक्षकाला पाठ होतं. प्राथमिक शाळेतले फ्रेंच माध्यमाचे चार वर्ग त्यांनी तपासले. शिक्षकांनी दिलेल्या प्रतिसादांपैकी 55 टक्के रीकास्ट होते, आणि त्यांतल्या 31 टक्क्यांनाच मुलांकडून काही प्रतिसाद मिळाला. बाकीचे मुलांच्या कानांवरून गेले. याच विषयावर त्याने सत्राचा निबंध लिहिला होता. तरी पाठानंतर बोलताना मी त्याला विचारलं, की बाई दुसऱ्यांदा काय म्हणाल्या, तर त्याला ते ऐकूच आलं नव्हतं. आशय ऐकायचा, त्याच वेळी व्याकरण ऐकायचं, घड्याळ बघायचं, कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाला सामावून घ्यायचं आणि पुढचं वाक्य काय बोलायचं ते ठरवायचं, एवढं सगळं एका क्षणात करण्याची सवय कोणाच्याही अंगी उपजत नसते. काही आठवड्यांनी तोच शिक्षक तशाच जागी थांबायला लागला. "माय सिस्टर...?" एवढंच म्हणून, भुवया उंचावून, वाट पाहायला लागला. बाईंनी क्षणभर विचार केला आणि "गोज" म्हणाल्या. पुस्तकातली गोष्ट त्याच्या कानांत आणि जिभेवर यायला तेवढे आठवडे लागले, आणि मागे बसणारं कोणीतरी लागलं. त्याने भरलेल्या फीमध्ये हे मिळायला हवं होतं. तो कष्टाळू होता, त्याच्या विभागाने त्याला अर्धवट तयार करून पाठवलं होतं.

दुसरी तक्रार सूक्ष्म अध्यापनाबद्दल आहे. परिपत्रकात लिहिलं आहे की सर्व विद्यार्थ्यांना वर्गमित्रांसमोर छोटे पाठ घेण्याची संधी असेलच. अशा पाठांत समोर कोण असतं ते आपण जाणता. पदव्युत्तर वर्गातली मुलं भाषेची तोंडओळख नसलेल्यांचं सोंग घेऊन बसतात. शिक्षक तीन वाक्यांची सूचना एका दमात देतो, सगळ्यांना कळते, जोड्या पटापट होतात, काम वेळेत संपतं. खऱ्या पहिल्या पातळीच्या वर्गात तीच सूचना दिली तर अर्धे लोक शेजाऱ्याच्या वहीत बघतात, दोघं वहीतला मजकूर उतरवून काढतात आणि एक जण भीतीने मान डोलावत राहतो. सूचना कशी तोडायची, आधी एका जोडीकडून करून कशी दाखवायची, "कळलं का?" असं न विचारता कळलंय की नाही ते कसं तपासायचं, हे सगळं त्या मान डोलावणाऱ्या माणसामुळे शिकता येतं. मैत्रीण त्याचं सोंग वठवू शकत नाही. सूक्ष्म अध्यापन धीट व्हायला उपयोगी पडतं, तेवढ्यापुरतं ते ठेवा.

तिसरी गोष्ट तुलनेची आहे, आणि ती विभागाने फार गंभीरपणे घ्यावी. इंग्रजी अध्यापनाच्या व्यवसायात सेल्टा हे सुरुवातीचं प्रमाणपत्र आहे. ते पूर्णवेळ केलं तर साधारण चार आठवड्यांत होतं. तेवढ्या वेळातही उमेदवाराला खऱ्या शिकणाऱ्यांच्या वर्गात सहा तास शिकवावं लागतं, प्रत्येक पाठ अनुभवी प्रशिक्षक पाहतो आणि त्यावर चर्चा होते. शिवाय अनुभवी शिक्षकांचे सहा तासांचे पाठ पाहावे लागतात. तिथे पाहणं हे शिकवण्याच्या जोडीला आहे, शिकवण्याऐवजी नाही. सहा तास फार आहेत असं कोणीच म्हणणार नाही. पण चार आठवड्यांच्या प्रमाणपत्रात सहा तास आणि एक-दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीत शून्य, याचं समर्थन कोणत्या शब्दांत करणार? पदवीच्या नावात "अध्यापन" आहे. घेणारा ते वाचून येतो, नोकरी देणारा ते वाचून विश्वास ठेवतो.

चौथी तक्रार "वर्ग मिळत नाहीत" या कारणाबद्दल आहे आणि ती मला सगळ्यात जास्त बोचते.

वर्ग का मिळत नाहीत, याचं एक उत्तर परिपत्रकात नाही. आमच्या तुकडीत निम्म्याहून अधिक जणांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. सरावासाठी शाळा ठरवायची वेळ आली तेव्हा आमच्यातल्या एका मुलीला सांगण्यात आलं की अमुक संस्थेला "मातृभाषक प्रशिक्षणार्थी" हवे आहेत, तुमच्यासाठी दुसरीकडे बघू. ती वर्गातली सगळ्यात तयारीची मुलगी होती. तिचं पाठ टाचण आम्ही नमुना म्हणून वापरत असू. संस्थेने तिचा एकही पाठ न पाहता तिला नाकारलं, आणि विभागाने ते मुकाट्याने मान्य केलं. दुसरीकडे बघता बघता सत्र संपत आलं. शेवटी तिच्या वाट्याला सुट्टीच्या दिवसातला, दर आठवड्याला माणसं बदलणारा एक वर्ग आला.

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या टेसॉल या आंतरराष्ट्रीय संघटनेने मातृभाषा इंग्रजी नाही म्हणून शिक्षकांना डावलण्याविरुद्ध 1991 मध्येच भूमिका जाहीर केली, 2006 मध्ये ती पुन्हा मांडली. पेटर मेजेश यांनी 1992 मध्ये विचारपूर्वक दाखवून दिलं की परभाषा म्हणून इंग्रजी शिकलेल्या शिक्षकाची स्वतःची बलस्थानं असतात. तो स्वतः त्या वाटेने गेलेला असतो, कुठे अडखळायला होतं ते त्याला आधीच दिसतं, शिकणाऱ्यासमोर तो गाठता येईल असा आदर्श म्हणून उभा राहतो. आपल्या अभ्यासक्रमात याचं एक अख्खं प्रकरण आहे. त्यावर परीक्षेत प्रश्न येतो. जगभरात इंग्रजी शिकवणाऱ्यांत मातृभाषा इंग्रजी नसलेलेच बहुसंख्य आहेत, हेही तिथेच शिकवलं जातं. मग विभाग स्वतः शाळांशी करार करतो तेव्हा हे प्रकरण कुठे जातं? वर्गात समानता शिकवायची आणि दारात कोणी पारपत्र किंवा उच्चार बघून अडवलं तर गप्प बसायचं, हे आमच्या मुलांना दिसतं. त्यातून ती जे शिकतात ते कोणत्याही परीक्षेतल्या उत्तरापेक्षा त्यांच्या जास्त लक्षात राहतं.

आणि आता सराव अध्यापनच ऐच्छिक झालं की हा प्रश्न कागदावरून नाहीसा होईल. ज्यांना सहज जागा मिळते ते सराव निवडतील, ज्यांना नकार मिळतो ते निबंध निवडतील, आणि नोंद मात्र "विद्यार्थ्याची निवड" अशी होईल. पुढे नोकरीच्या मुलाखतीत प्रत्यक्ष अनुभव विचारला जातो तेव्हा ज्याच्यावर आधीच शंका घेतली जाते त्याच माणसाचे हात रिकामे असतील. आपल्या मनात असा हेतू नाही याची मला खात्री आहे. पण परिणाम हाच होणार आहे, आणि तो आपल्याला आधीच दिसायला हवा होता.

संशोधनाकडे कल असलेल्यांचं काय, या मुद्द्यावर फार लिहीत नाही. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांचा बंगळूरचा प्रकल्प 1979 ते 1984 या काळात शाळांच्या खऱ्या वर्गांत चालला. कामातून भाषा शिकवण्याच्या ज्या कल्पनेवर आज ढीगभर प्रबंध लिहिले जातात, तिची मोठी कसोटी त्या वर्गांत लागली. त्याच प्रभूंनी 1990 मध्ये सर्वोत्तम पद्धत नावाची गोष्ट का नसते ते सांगताना शिक्षकाच्या स्वतःच्या जाणिवेवर भर दिला. आपण जे करतो त्यातून शिकणं का घडतं, याची शिक्षकाला आतून असलेली समज ती. ही समज पद्धतींची नावं तोंडपाठ करून येत नाही. आणि एक गोष्ट विसरता येणार नाही. आज संशोधनाकडे वळलेला विद्यार्थी उद्या पीएचडी करतो, आणि परवा शिक्षकांना शिकवणाऱ्या विभागात रुजू होतो. ज्याने स्वतः कधी वर्ग घेतला नाही, तो इतरांना वर्ग कसा घ्यावा ते शिकवेल. ही साखळी आपण सुरू करू नये.

पाचवी गोष्ट मार्गदर्शकांची. ही परिपत्रकात कुठेच नाही, पण सरावाची गुणवत्ता तिच्यावर उभी असते.

आमच्या मार्गदर्शक बाई मागच्या बाकावर बसत. कागदाच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे वेळ आणि घडलेली गोष्ट, उजवीकडे फक्त प्रश्न. शेरा नाही, गुण नाहीत, बरोबर-चूक अशी खूण नाही. एका वर्गमित्राचा असा एक कागद त्याच्या परवानगीने मी जपून ठेवला आहे. डावीकडे : "10.07 प्रश्न विचारला. 10.07 उत्तर स्वतः दिलं." उजवीकडे : "उत्तर कोण देणार होतं?" आणखी खाली, डावीकडे : "10.31 खिडकीजवळचे काका पहिल्यांदा बोलले." उजवीकडे : "कशामुळे?" पाठ संपला की कागद हातात देऊन त्या गप्प बसत. आधी ज्याने पाठ घेतला त्याने बोलायचं. त्या दोन 10.07 वरून पुढे तासभर बोलणं झालं. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. हे निष्कर्ष तो त्या दिवशी पुस्तकात न वाचता स्वतःच्या पाठाच्या नोंदीत वाचत होता. पुढच्या पाठात तो थांबला. तीन सेकंदांची शांतता वर्गासमोर उभ्या असलेल्या माणसाला किती लांब वाटते, हे त्यानेच नंतर आम्हाला सांगितलं.

त्या बाई तासिका तत्त्वावर होत्या. त्यांना पाठ पाहण्याचे पैसे मिळत. पाठानंतरच्या बोलण्याचे, टाचण आधी वाचून देण्याचे, शाळेत जाण्यायेण्याच्या वेळेचे मिळत नसत. हे त्यांनी आम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आम्हाला ते नंतर दुसरीकडून कळलं. डोनाल्ड फ्रीमन आणि कॅरन जॉन्सन यांनी 1998 मध्ये शिक्षकाचं ज्ञान प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, कामातूनच घडतं ही मांडणी केली, तिला आपल्या विभागात मोठा मान आहे. त्या ज्ञानाला घडवणाऱ्या माणसाला मात्र तासाच्या हिशोबात अर्धंच मोजलं गेलं. सरावाचा खर्च परवडत नाही असं कोणी म्हटलं, तर माझा प्रश्न असा की या खर्चाचा मोठा भाग आजवर कोणी उचलला? माझ्या माहितीप्रमाणे तो या बाईंसारख्यांनी स्वतःच्या वेळेतून उचलला.

सध्याचं सराव अध्यापन जसंच्या तसं ठेवा, असंही माझं म्हणणं नाही. सत्राच्या शेवटी एकदाच येऊन, यादीवर खुणा करून, "आवाज स्पष्ट, फळ्याचा वापर समाधानकारक" असं लिहून जाणारं निरीक्षण कोणालाच उपयोगी नाही. आधीच अनेक वर्षं शिकवून आलेल्या विद्यार्थ्यांचा प्रश्नही खरा आहे. त्यांना नवख्यांसारखे पाठ घ्यायला लावणं हा त्यांच्या अनुभवाचा अनादर होईल. पण त्यांना सूट देणं हेही त्यावरचं उत्तर नाही. ज्याने आयुष्यभर परीक्षेच्या तयारीचे मोठे वर्ग घेतले आहेत त्याला पहिल्या पातळीच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या प्रौढांच्या छोट्या वर्गावर पाठवा. मुलांना शिकवणाऱ्याला मोठ्यांकडे, मोठ्यांना शिकवणाऱ्याला मुलांकडे. किंवा स्वतःच्याच वर्गातला एखादा अडलेला प्रश्न घेऊन त्यावर सत्रभर कृतिसंशोधन करू द्या, आणि ते पाहायला कोणीतरी पाठवा. अनुभवी शिक्षकाला बाहेरच्या डोळ्यांची गरज नवख्याइतकीच असते. त्याच्या सवयी जास्त घट्ट बसलेल्या असतात.

माहितीपुस्तिकेबद्दल थोडंच. या वर्षी प्रवेश घेतलेल्यांनी "प्रत्यक्ष अध्यापनाचा अनुभव" हे शब्द वाचून प्रवेश घेतला आहे. त्यांच्यापैकी काहींनी त्यासाठी नोकरी सोडली, देश सोडला. अर्ध्या वाटेवर अटी बदलणं अन्यायाचं आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत.

सराव अध्यापन सर्व विद्यार्थ्यांसाठी अनिवार्य राहावं. निबंधाचा पर्याय रद्द करावा. प्रत्यक्ष, निरीक्षणाखाली शिकवण्याचे तास सुरुवातीच्या प्रमाणपत्रापेक्षा कमी नसावेत, खरं तर त्याच्या दुप्पट असावेत, आणि ते एकाच वर्गासोबत सलग काही आठवडे असावेत. रोज नव्या माणसांसमोर एकेक सुटा पाठ घेतला तर शिकणाऱ्याची वाटचाल दिसत नाही.

प्रत्येक विद्यार्थ्याचे पाठ शक्यतो एकाच मार्गदर्शकाने पाहावेत. पाठाआधीची चर्चा आणि पाठानंतरचं बोलणं हा मार्गदर्शकाच्या कामाचा भाग धरून त्याचे पूर्ण पैसे द्यावेत.

ज्या संस्थांशी सरावाचे करार होतात, त्यांत मातृभाषा, राष्ट्रीयत्व किंवा उच्चार या कारणाने प्रशिक्षणार्थी नाकारता येणार नाही, असं कलम असावं. जी संस्था ते मान्य करणार नाही तिच्याशी विभागाने करार करू नये, मग जागा कमी झाल्या तरी चालतील. कमी पडलेल्या जागांसाठी विभागाने स्वतः वर्ग सुरू करावेत. विद्यापीठातले सफाई कर्मचारी, स्वयंपाकघरात काम करणारे, परदेशातून आलेल्या संशोधकांच्या घरची माणसं, यांच्यात इंग्रजी शिकण्याची इच्छा असलेले पुष्कळ जण असतात. त्यांच्यासाठी विनाशुल्क वर्ग चालवले तर सरावाला खरा वर्ग मिळेल आणि त्यांना शिक्षक मिळेल. मात्र ते वर्ग सत्रभर नियमित चालले पाहिजेत. आमच्या सरावाची गरज संपली म्हणून शिकायला आलेल्यांना मधेच सोडून देता येणार नाही.

सध्या शिकत असलेल्या तुकडीला जुन्याच अटी लागू राहाव्यात. आणि पुढच्या माहितीपुस्तिकेत दर विद्यार्थ्यामागे निरीक्षणाखालचे किती तास मिळतील तो आकडा छापावा. इतर विभागांनीही तो छापावा. मग अर्ज करणाऱ्याला निवड करता येईल.

अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, तिथे आजी-माजी विद्यार्थ्यांना आणि तासिका तत्त्वावरच्या मार्गदर्शकांना बोलवावं, आणि बैठकीचं इतिवृत्त सर्वांना वाचायला द्यावं. वर्ग शोधायला, शाळांशी बोलायला, नव्या प्रशिक्षणार्थींना माझ्या वर्गात घ्यायला मी तयार आहे. माझ्यासारखे आणखी माजी विद्यार्थी तयार आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालं आहे. आम्हाला कधी आणि कुठे यायचं तेवढं कळवा.

कळावे.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि इंग्रजीची शिक्षिका